मातीतले धातूंचे नॅनोकण आणि दाण्याचा कस

चौकस_मैना

तीन शोधनिबंध ओळीने वाचले आणि डोक्याचा भुगा झाला, म्हणून हा धागा.

तिन्ही निबंध एल पासो इथल्या टेक्सस विद्यापीठातल्या एकाच गटाचे. नॅनोकण (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचे कण) एकच, सिरियम या धातूच्या ऑक्साइडचे. मातीत मिसळलेली सगळ्यात मोठी मात्राही एकच, किलोभर मातीला ५०० मिलिग्रॅम. पिकं तेवढी तीन.

२०१३ साली भात. जास्त, मध्यम आणि कमी अमायलोजचे (हा स्टार्चचाच एक प्रकार) तीन वाण घेतले होते. दाण्यातलं लोह घटलं, गंधक घटलं, प्रोलामिन आणि ग्लुटेलिन ही साठवणीची प्रथिनं घटली, स्टार्चसुद्धा घटला. फ्लॅव्होनॉइड सोडले तर अँटिऑक्सिडंटचे सगळे आकडे खाली. मध्यम आणि कमी अमायलोजच्या दाण्यांत सिरियम जास्त साठलं, पण दाण्याच्या प्रतीवर सगळ्यात जास्त परिणाम दिसला तो मध्यमवाल्यात.

२०१४ साली गहू. इथे ५०० च्या मात्रेला दाण्याचं उत्पादन चक्क ३६.६ टक्क्यांनी वाढलं. सिरियम मुळांत साठलं, दाण्यात वाढलंच नाही. तरीही दाण्यातली गंधक आणि मँगनीजची साठवण बदलली, आणि सगळ्यात कमी मात्रेला अमिनो आम्लांचा मेळ बदलला, लिनोलेनिक हे मेदाम्ल किंचित वर गेलं आणि लिनोलेइक किंचित खाली आलं.

२०१५ साली जव. ५०० ला पीक असं माजलं की जमिनीवरच्या भागाचं वजन ३३१ टक्क्यांनी वाढलं. आणि दाणे? धरलेच नाहीत! २५० ला मात्र दाणे धरले, त्यांत सिरियम वाढलं, आणि त्याच्या जोडीने फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम, लोह, जस्त, तांबं, शिवाय ॲल्युमिनियमही वाढलं. मेथिओनिन तर ६१७ टक्क्यांपर्यंत.

आता कुणी विचारलं की मातीतल्या धातूच्या नॅनोकणांमुळे तृणधान्याची पौष्टिकता वाढते की घटते, तर उत्तर काय द्यायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते, पण शेतीची नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा.


खडूस_काका

उत्तर ठरलेलं आहे. 'यावर अजून संशोधनाची गरज आहे.' सही, शिक्का, पुढचं अनुदान.


तृणपाते

रुमाल टाकून ठेवते. विषय आवडीचा आहे, वाचत राहीन.


रानमाती

मैनाताई, धागा छान. मृदाशास्त्र शिकलो आहे, तर सुरुवात मातीपासून करतो.

आधी त्या ५०० च्या आकड्याकडे बघा. नांगरटीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर धरला तर एका हेक्टरात साधारण २० लाख किलो माती असते. किलोमागे ५०० मिलिग्रॅम म्हणजे हेक्टरी १००० किलो. एक टन सिरियम ऑक्साइड! कोण टाकणार आहे?

आता याच्याशेजारी नेहमीचा शेतीतला आकडा ठेवा. जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट देण्याची शिफारस सर्रास असते. त्यात जस्त २१ टक्के, म्हणजे सव्वापाच किलो. वरच्या थरात पसरलं की किलोभर मातीला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. या दोन आकड्यांत जवळजवळ दोनशे पटीचा फरक आहे.

सांडपाण्याच्या गाळाबरोबर नकळत शेतात येणाऱ्या कणांचे जे अंदाज गणिती प्रारूपांवरून काढले जातात, ते बहुतेक किलोमागे मायक्रोग्रॅमच्या घरात असतात, चांदीसाठी त्याहूनही खाली. म्हणजे तुमच्या तिन्ही निबंधांतली मात्रा त्याच्या हजारो पट.

म्हणून ते प्रयोग निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. मोठी मात्रा दिली की कुठली यंत्रणा हलते ते दिसतं. पण 'भाताचा कस घटतो' असा मथळा त्यावरून काढला तर ती शुद्ध फसवणूक.


खडूस_काका

आता कसं बोललात! २०१८ सालचा चांदीचा एक प्रयोग आहे गव्हावर, तोही खऱ्या मातीत. मात्रा २०, २०० आणि २००० मिलिग्रॅम. रानमातींचंच गणित लावा: २००० म्हणजे हेक्टरी चार टन चांदी. एवढी चांदी रानात पुरणारा माणूस गव्हातल्या हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाची चिंता कशाला करेल?


चौकस_मैना

काका, हसून मेले. पण त्यात निघालं काय तेही सांगा की.


खडूस_काका

रोपांची उंची कमी, दाण्याचं वजन कमी. दाण्यात चांदी सापडली आणि लोह, तांबं, जस्त घटलं. आर्जिनिन १३ टक्क्यांनी आणि हिस्टिडीन ११.८ टक्क्यांनी कमी. चार टन चांदी ओतून अमिनो आम्लांत दहा-बारा टक्क्यांचा फरक! मला तर गव्हाचंच कौतुक वाटलं.


भुईधारा

मी शेती करतो, गहू आणि मका. वर सगळं सिरियम आणि चांदी चाललंय, पण आमच्या जमिनीत हे येणार कुठून ते कुणी सांगेल का? आम्ही तर विकत आणून टाकत नाही.


रानमाती

दादा, प्रश्न अगदी मुद्द्याचा.

मोठा रस्ता सांडपाण्याचा. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड, जंतुरोधक कापडातली चांदी हे सगळं धुतलं जाऊन गटारात जातं. शुद्धीकरण केंद्रात पाणी स्वच्छ होतं म्हणजे कण नाहीसे होत नाहीत, त्यातले बहुतेक गाळात बसतात. तो गाळ खत म्हणून शेतात गेला की कणही गेले. सिरियम ऑक्साइड डिझेलमध्ये ज्वलन सुधारायला मिसळतात, काच घासायला वापरतात, गाड्यांच्या धुराड्यातल्या उत्प्रेरकातही असतं. धुरातून हवेत, हवेतून जमिनीवर.

दुसरा रस्ता जाणूनबुजूनचा: नॅनो खतं, बियाण्याला लावायची पुटं, तांब्याची बुरशीनाशकं. इथे मात्रा ठरवून दिलेली असते, धातूही बहुधा पिकाला लागणाराच असतो. या दोन रस्त्यांची सरमिसळ करून बोललं की वाद उगाच वाढतो. चांदी आणि सिरियमची पिकाला गरज नाही. जस्त, तांबं, लोह, मँगनीज यांच्यावाचून पिकाचं अडतं.


दशमान

रानमातींनी मात्रा सांगितली, मी रूप सांगतो. माझं काम धातू मोजण्याचं आहे, त्यामुळे कुंडीत काय टाकलं यापेक्षा मोजायच्या वेळी तिथे काय उरलं होतं याकडे माझं आधी लक्ष जातं.

चांदीचा कण सांडपाण्यातून शेतापर्यंत चांदी म्हणून पोहोचतच नाही. गाळात गंधक भरपूर असतं, ऑक्सिजन नसतो, तिथे त्याचं सिल्व्हर सल्फाइड होतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. झिंक ऑक्साइडचं गाळात झिंक सल्फाइड आणि झिंक फॉस्फेट होतं, काही जस्त लोहाच्या ऑक्साइडला चिकटून बसतं. प्रयोगात मात्र बाटलीतले ताजे, कोरे कण थेट कुंडीतल्या मातीत मिसळतात. शेतातल्या पिकाची त्या कोऱ्या कणाशी गाठ क्वचितच पडते. अर्थात सल्फाइड झालं म्हणजे निर्धोक असंही नाही. २०१५ साली गहू आणि चवळीला थेट सिल्व्हर सल्फाइडचे नॅनोकण पोषक द्रावणातून दिले, तर ते रोपांत शिरले आणि वाढही खुंटली.

झिंक ऑक्साइड आम्लधर्मी मातीत झपाट्याने विरघळतं. चुनखडीच्या जमिनीत विरघळलेलं जस्त लगेच अडकून पडतं. गव्हावर ५०० मिलिग्रॅम जस्ताचा एक प्रयोग दोन मातींत केला होता, २०१५ साली. आम्लधर्मी मातीत मुळांची वाढ खुंटली. चुनखडीच्या मातीत उलट, मुख्य मुळाला फुटणारी बाजूची मुळं जास्त फुटली. कण तोच, पीक तेच, फरक मातीचा, मुख्यतः पीएचचा, म्हणजे तिच्या आम्लतेचा.

टायटॅनियम डायऑक्साइड विरघळण्याचं नावच घेत नाही, सिरियम ऑक्साइडही जवळजवळ तसंच. पण सिरियमची एक खोड आहे. त्याला तीन आणि चार अशा दोन्ही संयुजांमध्ये ये-जा करता येते. मुळांतून स्रवणारी सेंद्रिय आम्लं आणि आसपासचं फॉस्फेट मिळालं की मुळाच्या पृष्ठभागावर सिरियम फॉस्फेट तयार होतं. काकडीच्या मुळांवर हे सिंक्रोट्रॉन या मोठ्या कणत्वरकाच्या क्ष-किरणांनी दाखवलेलं आहे.

अवांतर: भूकवचात सिरियम सरासरी किलोमागे साठ-पासष्ट मिलिग्रॅम असतं, तांब्यापेक्षाही जास्त. 'दुर्मीळ मृदा' या नावावर जाऊ नका. टायटॅनियम तर मातीत किलोमागे काही हजार मिलिग्रॅम. त्या गर्दीत बाहेरून आलेले मायक्रोग्रॅम शोधायचे म्हणजे काय दिव्य आहे ते आम्हालाच ठाऊक.


चौकस_मैना

दशमानराव, म्हणजे कण दाण्यापर्यंत पोहोचतो तरी का? गव्हात तर सिरियम दाण्यात वाढलंच नव्हतं.


दशमान

बहुतेक वेळा अखंड कण म्हणून नाही. मुळाच्या आतल्या बाजूला अंतस्त्वचेच्या पेशींभोवती कॅस्पेरियन पट्टी असते, मुख्यतः लिग्निन या लाकडातल्या द्रव्याची. पाण्याबरोबर पेशींच्या मधल्या फटींतून आलेलं सगळं तिथे अडतं. पुढे जायचं तर पेशीच्या आतून, परवानगी घेऊन. टायटॅनियम डायऑक्साइडवर गव्हाच्या रोपांत झालेल्या २०१२ सालच्या अभ्यासात १४० नॅनोमीटरपेक्षा मोठे कण मुळांत साठले नाहीत आणि ३६ नॅनोमीटरपेक्षा मोठे कण मुळातून वर खोडात गेले नाहीत. तेही पोषक द्रावणात. मातीत कण एकमेकांना आणि चिकणमातीला चिकटून त्यांचे गठ्ठे होतात, म्हणजे वाट आणखी अरुंद.

वर चढले तरी दाणा भरतो तो मुख्यतः फ्लोएममधून, म्हणजे पानांतून आलेल्या रसातून, आणि तिथे पुन्हा पेशींचे अडसर.

जस्ताच्या बाबतीत तर हा प्रश्नच बहुधा उरत नाही. २०१३ साली चवळीवर झिंक ऑक्साइडचे कण आणि विरघळणारं झिंक क्लोराइड यांची मातीत तुलना झाली. रोपात झिंक ऑक्साइडचा कण सापडला नाही, आणि जस्त शोषण्यातही दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. मातीतच विरघळून गेलं होतं. दाण्यात कण शोधणं म्हणजे पाण्यात विरघळलेल्या मिठाचा खडा शोधत बसणं.


खडूस_काका

मग नॅनो कशाला म्हणायचं? सरळ जस्त म्हणा. आणि ज्या निबंधात विरघळणाऱ्या क्षाराची आणि साध्या जाड्या भुकटीची कुंडी तुलनेला ठेवलेली नाही, तो निबंध मी वाचायलाच घेत नाही. परिणाम आकारामुळे झाला की धातूमुळे, ते त्याशिवाय कळणार कसं?


रानमाती

काका, तुलनेबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण सगळं एका माळेत ओवू नका. २०१९ साली गव्हावर झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आणि झिंक सल्फेट अशी समोरासमोर तुलना झाली आहे. पानातल्या जस्तात नॅनोकण सरस ठरले नाहीत, दाण्यातलं जस्त वाढवण्यात मात्र ठरले. माझ्या मते यामागे वेळेचा हिशेब असावा. सल्फेट एकदम विरघळतं आणि मातीत लवकर अडकून पडतं. कण हळूहळू सुटत राहतो, दाणा भरताना थोडं जस्त हाताशी असतं. हे माझं मत, सिद्ध झालेलं म्हणून घेऊ नका.


कणभर

आहारतज्ज्ञ म्हणून मध्येच तोंड घालते. तुम्ही सगळे दाण्यात किती जस्त गेलं ते मोजताय. मला खाणाऱ्याच्या अंगी किती लागलं ते हवंय.

तृणधान्याच्या दाण्यातला बहुतेक फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो. फायटेट जस्त आणि लोहाला असं घट्ट धरतं की आतड्यात ते सुटतच नाही. म्हणून आम्ही फायटेट आणि जस्त यांच्या रेणूंचं गुणोत्तर बघतो. ते १५ च्या वर गेलं की जस्त फारसं शोषलं जात नाही असं मानतात. गणित करून दाखवते. समजा अख्ख्या गव्हात किलोमागे ८ ग्रॅम फायटेट आणि ३० मिलिग्रॅम जस्त आहे. गुणोत्तर येतं २६ च्या आसपास. जस्त ४५ मिलिग्रॅमवर नेलं, फायटेट तेवढंच राहिलं, तर १७ ते १८. म्हणजे दीडपट जस्त घालूनही आपण रेषेच्या अलीकडे आलोच नाही.

आता मैनाने दिलेला जवाचा निकाल बघा. जस्त वाढलं, लोह वाढलं, पण फॉस्फरसही वाढला. तो जादा फॉस्फरस फायटेट म्हणून बसला असेल तर खाणाऱ्याच्या पदरात काय पडलं? अशा निबंधांत खनिजांची लांबलचक यादी असते आणि फायटेटचा रकाना बहुधा नसतो. मला याचा फार राग येतो.

दुसरं, खनिज दाण्याच्या कुठल्या भागात आहे तेही बघायला हवं. जस्त आणि लोह मुख्यतः अंकुरात आणि कोंड्यालगतच्या ॲल्युरोन थरात असतं. तांदूळ पॉलिश केला, गव्हाचा मैदा केला की ते गेलं. वाढलेलं खनिज नेमकं त्याच थरात साठलं असेल तर चकाकत्या तांदळात त्याचा मागमूस नसेल.


तृणपाते

कणभरताई, फायटेटचं गणित पहिल्यांदाच नीट समजलं. एक बाळबोध शंका: भातातलं गंधक घटलं याने काय बिघडतं? गंधक काही आपण पोषक म्हणून मोजत नाही.


कणभर

बाळबोध अजिबात नाही. सिस्टीन आणि मेथिओनिन या दोन अमिनो आम्लांत गंधक असतं, आणि मेथिओनिन शरीर स्वतः बनवू शकत नाही. गंधकासोबत प्रोलामिन आणि ग्लुटेलिनही घटलं, यावरून दाण्यातलं प्रथिनांचं कोठारच नीट भरलं गेलं नाही असं दिसतं. ग्लुटेलिन हे भाताचं मुख्य साठवणीचं प्रथिन आहे आणि त्यात लायसिन प्रोलामिनपेक्षा बरं असतं, त्यामुळे ते घटलं की मला जास्त खटकतं. त्याच प्रयोगात लॉरिक आणि व्हॅलेरिक आम्लंही घटली, पण ती भातात नावापुरतीच असतात. त्यांच्यावरून कुणी बातमी केली तर दुर्लक्ष करा.


चौकस_मैना

पण माझा मूळ पेच सुटला नाही. कण दाण्यात गेलाच नाही, तरी गव्हाच्या दाण्यातलं मँगनीज आणि गंधक बदललं. कसं? भुताटकी?


रानमाती

भुताटकी मातीत आहे.

पीक खनिज घेतं ते मुळांतून, आणि मुळांभोवती जीवाणू-बुरशींचं एक अख्खं गाव वसलेलं असतं. मायकोरायझा बुरशी मुळापासून दूरवरचं फॉस्फरस आणि जस्त आणून देते. धातूची मात्रा वाढली की आधी तिला त्रास होतो. गव्हाच्या शेतमातीत टायटॅनियम आणि जस्ताच्या ऑक्साइडचे कण मिसळले तेव्हा गव्हाची वाढ तर घटलीच, मातीतल्या विकरांची क्रियाही बदलली, हे २०११ सालीच नोंदलं गेलंय. २०१२ सालचा सोयाबीनचा निकाल तर गाजलाच होता: सिरियम ऑक्साइडने मुळांवरच्या गाठींमधलं नत्र स्थिरीकरण मोडीत काढलं. सोयाबीन तृणधान्य नाही हे मान्य, पण मुद्दा कळावा. तिथे कणाने पिकाच्या भागीदाराला गाठलं.

दुसरी वाट मुळातली. लोह, जस्त, मँगनीज, तांबं यांना आत घेणारी वाहक प्रथिनं बरीचशी सामायिक असतात. एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला दार मिळत नाही. जस्त वाढलं की लोह किंवा मँगनीज घटणं हा जुनाच अनुभव आहे, त्याला नॅनो असण्याची गरज नाही.

तिसरी वाट साध्या भागाकाराची, आणि हिच्याकडे फार कमी लोक बघतात. गव्हाचं उत्पादन ३६.६ टक्क्यांनी वाढलं. समजा रोपाने एखादं खनिज आधीइतकंच शोषलं. तेवढंच खनिज आता १.३६६ पट दाण्यांत वाटलं जाणार, म्हणजे दर किलोमागे ते २७ टक्क्यांनी कमी दिसणार. (हा माझा हिशेब आहे, प्रयोगातला आकडा नव्हे.) दाण्याची प्रत घसरली असं वाटतं, पण हेक्टरी उचल तेवढीच आहे. उलट बाजूही आहे: दाणे थोडेच धरले तर प्रत्येकात खनिज ठासून भरतं. २५० च्या मात्रेच्या जवातली वाढलेली सगळी खनिजं वाचताना माझ्या मनात पहिली शंका हीच आली. ॲल्युमिनियमसुद्धा वाढतं तेव्हा ती निवडक पोषणाची गोष्ट वाटत नाही, सरसकट दाटी झालेली वाटते.

५०० ला जवात दाणे का धरले नाहीत याबद्दल माझा तर्क असा की पीक हिरव्या वाढीतच अडकून पडलं आणि फुलोऱ्याची वेळ टळली. जास्त नत्र दिलेल्या रानात असं माजलेलं पीक सगळ्यांनी पाहिलेलं असतं.


भुईधारा

हो, अगदी. पाला कमरेइतका आणि ओंबी पोकळ.

आता मक्याबद्दल कुणी बोलेल का?


दशमान

मक्यावर २०१५ सालचा त्याच एल पासोच्या गटाचा अभ्यास आहे, पेरणीपासून कणसापर्यंत. ८०० मिलिग्रॅमच्या मात्रेला उत्पादन सिरियम ऑक्साइडने ३८ टक्क्यांनी आणि झिंक ऑक्साइडने ४९ टक्क्यांनी घटलं. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी. त्यांनी दाण्याचे काप घेऊन क्ष-किरणांनी खनिजांचे नकाशे काढले. सिरियमवाल्या दाण्यांत कॅल्शियमची मांडणीच बदललेली होती.

बहुतेक अभ्यासांत दाणे दळून, आम्लात विरघळवून एकच आकडा काढतात. कणभर म्हणतात तो प्रश्न, म्हणजे खनिज दाण्यात कुठे आहे, त्याचं उत्तर अशा नकाशांतूनच मिळेल.


खडूस_काका

पण भात वाईट आणि गहू बरा का, याचं उत्तर अजून आलं नाही. दोन्ही गवतंच की.


रानमाती

पीक वेगळं, मातीही वेगळ्या अवस्थेत. भात पाण्यात उभा असतो. पाणी साचलेल्या मातीत ऑक्सिजन संपतो, लोह आणि मँगनीज क्षपण होऊन विरघळतात, सल्फेटचं सल्फाइड होतं. अशा जागी कॉपर ऑक्साइडचं कॉपर सल्फाइड होतं, जस्तही सल्फाइडमध्ये अडकतं. त्यात भाताच्या मुळांतून थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो, त्यामुळे मुळांवर लोहाच्या ऑक्साइडचं तांबूस पुट चढतं, आणि कण तसंच विरघळलेले धातू दोन्ही त्याला चिकटतात. शेवटी पाणी काढून रान वाळवलं की सल्फाइड पुन्हा मोडतात आणि धातू सुटतो, तोही ऐन दाणा भरताना. गव्हाच्या कोरड्या मातीत यातलं काहीच घडत नाही. एकाचा निकाल दुसऱ्याला लावणं मुळातच चुकीचं.

शिवाय एकाच भातात तीन वाणांनी तीन तऱ्हा दाखवल्या, ते मैनाताईंनी वर दिलंच आहे.


कणभर

तुलनेसाठी एक आकडा देते. हवेतला कार्बन डायऑक्साइड ५५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५५०) आसपास गेला की गव्हाच्या दाण्यातलं जस्त ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिन ६.३ टक्के घटतं, हे २०१४ साली उघड्या शेतातल्या प्रयोगांवरून मांडलं गेलं. तिथे कुणी काही टन ओतलं नव्हतं, शेतं खरी होती, वाण अनेक होते. नॅनोकणांच्या कुंडीतले आकडे वाचताना मी हा निकाल शेजारी ठेवते.


भुईधारा

सगळं वाचलं, निम्मं समजलं. आता माझ्या कामाचं विचारतो. जस्ताचं नॅनो खत घ्यावं का? विकणारा म्हणतो दाण्यात जस्त वाढेल.


रानमाती

दादा, आधी तुमच्या जमिनीत जस्त कमी आहे का ते बघा. कमी नसेल तर नॅनो असो वा साधं, फायदा नगण्य.

कमी असेल तर नॅनोच्या बाजूने बोलण्यासारखं काही आहे, आणि ते छोट्या मात्रेच्या प्रयोगांत आहे. ज्वारीवर २०१९ साली किलोभर मातीला फक्त १, ३ आणि ५ मिलिग्रॅम जस्त झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांतून दिलं होतं, पाण्याचा ताण देऊन. ताणामुळे कणीस उशिरा बाहेर पडतं, तो उशीर कमी झाला, उत्पादन सावरलं आणि दाण्यातलं जस्तही वाढलं. हेक्टरी हिशेब केलात तर २ ते १० किलो जस्त, म्हणजे शेतकऱ्याच्या आवाक्यातली मात्रा. असे प्रयोग वाचायला मला आवडतात.

दुसरं, जमिनीत कॅडमियम असेल तर जस्ताचा जास्तीचा उपयोग होतो. गव्हात जस्त आणि लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण दिल्यावर कॅडमियम घटल्याचं २०१९ साली दाखवलं आहे. जस्त आणि कॅडमियम रसायनाने भावंडं, एकाच दारातून शिरतात, जस्त आधी पोहोचलं की कॅडमियम बाहेर राहतं. दाण्याची प्रत म्हणजे काय वाढलं एवढंच बघू नये, काय आत आलं नाही तेही मोजावं.

विकणाऱ्याला एकच विचारा: तेवढंच जस्त झिंक सल्फेटमधून दिलेल्या शेजारच्या वाफ्यात काय निघालं? कोऱ्या वाफ्याशी केलेली तुलना दाखवली तर हात जोडून परत या.


खडूस_काका

हात न जोडता आलात तरी चालेल.

आणि दाण्यातलंच जस्त वाढवायचं असेल तर दाणा भरताना पानांवर साध्या झिंक सल्फेटची फवारणी हा जुना, तपासलेला मार्ग आहे. चुनखडीच्या जमिनीत तर मातीत टाकण्यापेक्षा तोच बरा.


भुईधारा

माती तपासून घेतो. पण प्रयोगशाळेचा अहवाल येतो त्यात नॅनोचं जस्त वेगळं कळतं का? म्हणजे आधी कुणी गाळ टाकला असेल तर.


दशमान

नाही कळत. नेहमीच्या तपासणीत डीटीपीए नावाच्या द्रावणाने पिकाला मिळू शकणारं जस्त ओढून काढतात. ०.६ पीपीएमच्या खाली आलं तर कमतरता धरायची, हा सर्रास वापरला जाणारा आकडा. ते जस्त मूळ मातीतलं, सल्फेटचं की नॅनोकणाचं, याच्याशी त्या द्रावणाला देणंघेणं नसतं. तुमच्या पिकालाही नसतं.

गाळाची शंका असेल तर एकूण धातूंची तपासणी वेगळी मागा. त्यात माती तीव्र आम्लात शिजवतात. जस्त, तांबं, कॅडमियम, शिसं एवढे आकडे घ्या आणि सोबत पीएच घ्याच, कारण त्याशिवाय पहिले चार वाचता येत नाहीत. कण वेगळे मोजायचं तंत्र आहे, एकेक कण मोजणारं वस्तुमान वर्णपटमापन, पण मातीसारख्या गढूळ नमुन्यात ते अजून संशोधनापुरतंच आहे, त्यावर पैसे घालवू नका. नमुना काढताना लोखंडी फावडं चालेल, जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको.


भुईधारा

बादली मुलाम्याचीच आहे माझी. प्लास्टिकची घेतो.